विश्लेषण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा प्रसूतिकक्ष सहा वर्षांतच का बंद पडला?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले, की हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई डोळ्यांसमोर येते. शाळेच्या पुस्तकांनी ते चित्र पक्के केले आणि त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मात्र त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण या दिवशी सहसा कुणी काढत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १८६१ मध्ये त्यांच्या नावाच्या निधीतून एक प्रसूतिकक्ष आणि सुइणींचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. तेथे ७८० बाळंतपणे झाली आणि २६ माता दगावल्या. म्हणजे हजारी ३३. हा कक्ष १८६७ मध्ये बंद करावा लागला.

तुलनेसाठी सांगायचे, तर २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाणही ३३ च होते, पण ते एक लाख जिवंत जन्मांमागे. नाइटिंगेल यांच्या कक्षातील प्रमाण जवळजवळ शंभर पट होते. आणि ही तर त्या काळच्या सर्वांत स्वच्छताप्रेमी बाईंच्या देखरेखीखालची जागा. या अपयशाचे त्यांनी पुढे काय केले, हा त्यांच्या चरित्रातला कदाचित सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

आकड्यांची सवय कुठून लागली?

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील तेव्हा युरोपच्या लांबलचक प्रवासात होते आणि शहराचे नाव मुलीला मिळाले. कुटुंब गडगंज श्रीमंत. डर्बीशायरला एक घर, हॅम्पशायरला दुसरे. वडिलांनी मुलींना घरीच शिकवले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान हे सगळे झाले, पण फ्लॉरेन्स यांचे मन रमले ते गणितात. रुग्णसेवा करायची, असे त्यांनी विशीत ठरवले, तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे दारूडी, अडाणी, हलक्या चालीची बाई, अशी समजूत होती. मोठ्या घरची मुलगी तिथे जाणार, हे आईला आणि बहिणीला सहन होण्यासारखे नव्हते. चांगले स्थळ आले, तेही त्यांनी नाकारले. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थच्या संस्थेत त्या तीन महिने शिकल्या आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध. ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोहोचल्या. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे दाखल होणाऱ्यांपैकी शेकडा ४० हून अधिक सैनिक मरत होते. गटारे उपसून, हवा खेळती करून, पाणी बदलून काही महिन्यांत हे प्रमाण एकदम खाली आले. मायदेशी परतल्यावर सांख्यिकी तज्ज्ञ विल्यम फार यांच्यासह त्यांनी सैन्याच्या मृत्यूंची मांडणी केली. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. हे खासदारांना आणि मंत्र्यांना एका नजरेत कळावे म्हणून त्यांनी रंगीत वर्तुळाकार आलेख काढले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सदस्य करून घेतले. याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढची अनेक वर्षे त्या बहुतांश काळ खोलीतच, अंथरुणाला खिळून होत्या. दिवा घेऊन फिरणे दोन वर्षांचे. आकडे घेऊन बसणे जवळजवळ चाळीस वर्षांचे. चित्र मात्र पहिल्याचेच उरले.

प्रसूतिकक्ष कशासाठी काढला?

क्रिमियातील कामाबद्दल जनतेने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी त्यांच्या नावे गोळा केला होता. त्यातून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, हे सर्वज्ञात आहे. त्याच निधीतून पुढच्या वर्षी प्रसूतिकक्ष निघाला, हे फारसे सांगितले जात नाही.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये सुईण होण्यासाठी ना शिक्षण लागे, ना परवाना. शेजारपाजारची एखादी वयस्क बाई बाळंतपणे करू लागली, की ती सुईण. फ्रान्स, रशिया, जर्मन राज्ये येथे सुइणींच्या सरकारी शाळा होत्या. इंग्लंडने तो विचारही केलेला नव्हता. खेड्यांत डॉक्टर दूर आणि महाग. म्हणून नाइटिंगेल यांची योजना साधी होती. २६ ते ३५ वयाच्या धडधाकट, चांगल्या वर्तणुकीच्या स्त्रिया निवडायच्या, त्यांना किमान सहा महिने शिकवायचे आणि गावाकडे परत पाठवायचे. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील परिचर्या तेव्हा सेंट जॉन्स हाऊस या भगिनी संस्थेकडे होती. तिच्या प्रमुख मेरी जोन्स या नाइटिंगेल यांच्या विश्वासातल्या. शिकवायला रुग्णालयाचे प्रसूतितज्ज्ञ होते. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती.

बाळंतपणाला येणाऱ्या बाया गरीब वस्त्यांतल्या. ज्यांना परवडे त्या घरीच बाळंत होत. रुग्णालयात बाळंत होणे ही तेव्हा नाइलाजाची गोष्ट होती. आज आपल्याकडे नेमके उलटे मानले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे.

बाळंतिणी कशाने मरत होत्या?

मुख्यतः सूतिकाज्वराने. बाळंतपणानंतर गर्भाशयाच्या आतला भाग ताज्या जखमेसारखा उघडा असतो. तिथे जंतू शिरले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढतो, पोट फुगते, दुखते आणि विष रक्तात भिनून काही दिवसांत मृत्यू येतो. हे जंतू बहुतेक वेळा येत ते तपासणाऱ्याच्या हातांवरून, अवजारांवरून, चादरी-कपड्यांवरून. घरी एका वेळी एकच बाळंतीण असते. कक्षात एकीला ताप आला, की तोच हात, तेच पाणी, तीच कापडे पुढच्या खाटेकडे जातात.

आज हे दोन वाक्यांत सांगता येते. पण १८६० च्या दशकात ते कुणालाच नीट माहीत नव्हते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच दाखवून दिले होते, की हा ज्वर डॉक्टर आणि सुइणी एका घरातून दुसऱ्या घरात नेतात. गावाने त्यांच्यावर राग धरला. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. पहिल्या विभागात मृत्यू कितीतरी जास्त. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येतात, हे कारण इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले. क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्यांच्या वरिष्ठांना ते पटले नाही आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. किंग्ज कॉलेजचा कक्ष तेव्हा चालू होता.

मृत्यू वाढत गेल्यावर १८६७ मध्ये कक्षाचे दार बंद झाले. त्याबरोबर सुइणींचा वर्गही संपला.

नाइटिंगेल यांनी पुढे काय केले?

दुसऱ्या कुणी असते तर प्रकरण इथेच मिटवले असते. निधीच्या वार्षिक अहवालात एखादी सौम्य ओळ, आणि पुढचा विषय. नाइटिंगेल यांनी चार वर्षे आकडे गोळा करण्यात घालवली. आपल्याच कक्षात एवढ्या बायका मेल्या, तर इतरत्र किती मरतात, हा त्यांचा प्रश्न होता. डॉ. जॉन सदरलँड यांच्या मदतीने त्यांनी लंडन, पॅरिस आणि युरोपातील इतर शहरांच्या प्रसूतिगृहांकडून नोंदी मागवल्या. नोंदींची अवस्था वाईट होती. एका ठिकाणी फक्त ज्वराचे मृत्यू मोजलेले, दुसरीकडे सगळे. कुठे आजारी बाईला दुसऱ्या वॉर्डात हलवले, की तिचा मृत्यू प्रसूतिगृहाच्या खात्यावर येतच नसे. रुग्णालयांनी एकसारख्या तक्त्यांत नोंदी ठेवाव्यात, असा आग्रह त्यांनी १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेतही धरला होता. आता त्याची गरज त्यांना स्वतःच भासत होती.

पॅरिसचे शल्यचिकित्सक लेऑन ल फोर यांनी जमवलेला साठा त्यांना सर्वांत उपयोगी पडला. रुग्णालयांतील ८ लाख ८८ हजार ३१२ बाळंतपणांत ३० हजार ३९४ माता मेल्या होत्या, हजारी ३४. घरी झालेल्या ९ लाख ३४ हजार ७८१ बाळंतपणांत ४ हजार ४०५. हजारी पाचहून कमी. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदींवरूनही घरच्या बाळंतपणांचे प्रमाण हजारी पाचच्या आसपास निघत होते. नाइटिंगेल यांच्या कक्षाचे हजारी ३३ हे युरोपातील रुग्णालयांच्या सरासरीत अगदी चपखल बसले. म्हणजे त्यांचा कक्ष विशेष वाईट नव्हता. प्रसूतिगृहे सगळीकडेच अशी होती.

हे सारे त्यांनी १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवरील टिपणांच्या पुस्तकात छापले, स्वतःच्या कक्षाचा तक्ता न लपवता. पुस्तक अर्पण केले सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीला, कारण ती सुईण होती. एरवी कोरड्या तक्त्यांनी भरलेल्या पुस्तकात बाईंचा हा मिस्कीलपणा वाचकाला अनपेक्षित भेटतो.

गरीब बायका रुग्णालयात जात म्हणून तिथे जास्त मरत, असे नव्हते?

हा आक्षेप त्यांच्यापुढेही होता आणि तो हलका नव्हता. अशक्त, उपाशी, अविवाहित, अडलेल्या बायका रुग्णालयात येणार. मग मृत्यू जास्त दिसणारच. नाइटिंगेल यांनी त्यासाठी वर्कहाऊसचे आकडे तपासले. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी संस्था. तिथल्या बाळंतिणींहून गरीब कोण असणार? पण वर्कहाऊसच्या लहान प्रसूतिकक्षांतील मृत्यूंचे प्रमाण नामांकित प्रसूतिगृहांपेक्षा कमी होते. तिथे बाळंतपणे थोडी, गर्दी कमी आणि शवविच्छेदन करून येणारे विद्यार्थी जवळपास नाहीतच. दोष बाईच्या गरिबीत जेवढा होता, त्याहून जास्त तो खाटा एकत्र मांडण्यात आणि तपासणाऱ्यांच्या येण्याजाण्यात होता.

इथे त्या एका पेचात सापडल्या. सुईण शिकवायची, तर तिच्यासमोर बरीच बाळंतपणे व्हायला हवीत. त्यासाठी बायका एका जागी आणायला हव्यात. आणि बायका एका जागी आणल्या, की त्या मरतात. शिकणारीच्या शिक्षणाची किंमत बाळंतिणीने का मोजावी, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. घरच्या बाळंतपणाइतके मृत्यू कमी ठेवता येत नसतील, तर प्रसूतिगृह चालवण्याचा कुणालाच अधिकार नाही, इथपर्यंत त्या पोहोचल्या.

मग प्रसूतिगृहे बंदच करायची का?

त्यांचे उत्तर बांधकामाच्या नकाशातून आले. सर्वसाधारण रुग्णालयाशी प्रसूतिगृहाचा काहीही संबंध नको. एक मोठी इमारत नको. लहान लहान बंगलीवजा घरे हवीत, प्रत्येकात अगदी मोजक्या खाटा. बाळंत होण्याची खोली वेगळी, नंतर झोपण्याची वेगळी. एक खोली वापरून झाली, की ती रिकामी ठेवायची, घासूनपुसून धुवायची, हवा लागू द्यायची आणि मगच दुसरी बाळंतीण आणायची. स्वच्छ कापड मुबलक हवे. शवविच्छेदनाच्या खोलीतून आलेल्या विद्यार्थ्याला आत पाऊल नाही. आणि बाईला शक्य तितक्या लवकर घरी पाठवायचे. थोडक्यात, प्रसूतिगृह जितके घरासारखे करता येईल तितके करायचे.

शिक्षणाबद्दलही त्यांनी आपले आधीचे मत फिरवले. सहा महिन्यांत तयार होते ती सुईण नव्हे, बाळंतिणीची परिचारिका, हे त्यांनी मान्य केले. डॉक्टर हाताशी नसताना बाळंतपण निभावून नेणारी, अडचण वेळेत ओळखणारी बाई घडवायला दोनेक वर्षे तरी लागतील. सुशिक्षित स्त्रियांनी हा पेशा म्हणून स्वीकारावा आणि त्यातल्या काहींनी डॉक्टरच्या बरोबरीचे ज्ञान मिळवावे, असा प्रस्ताव त्यांनी पुस्तकाच्या शेवटी जोडला. ही शाळा निघाली नाही. बंगल्यांचा आराखडाही कागदावरच राहिला.

त्यांचे काय चुकले?

कारणाचे निदान. नाइटिंगेल यांची पिढी दूषित हवेच्या सिद्धांतावर वाढलेली. माणसांची गर्दी, कोंडलेली हवा आणि घाण यांतून रोग उपजतो, असे त्या मानत. एका माणसाच्या हातावरून विशिष्ट जंतू दुसऱ्याकडे जातो, ही कल्पना त्यांच्या गळी बरीच उशिरा उतरली. सूतिकाज्वराच्या रुग्णांत साखळीसारखे जंतू असतात, हे लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये पॅरिसमधील वैद्यक परिषदेत दाखवले. १८८० च्या दशकातील लिखाणात नाइटिंगेल स्वतः जंतुनाशकाने हात धुण्याच्या सूचना देताना दिसतात. गंमत अशी, की चुकीच्या सिद्धांतावरून काढलेले त्यांचे बहुतेक उपाय बरोबर होते. गर्दी टाळा, खोली धुवा, कापड बदला, शवविच्छेदनवाल्यांना दूर ठेवा, हे जंतूंनाही लागू पडत होतेच. फक्त हात धुण्याचा साधा नियम त्यात पहिल्या क्रमांकावर नव्हता, आणि तोच सर्वांत स्वस्त होता.

कार्बोलिकसारखी जंतुनाशके आल्यावर १८८० नंतर प्रसूतिगृहांतील मृत्यू वेगाने घटले. घरच्या बाळंतपणांचे मात्र तसे झाले नाही. इंग्लंडमधील मातामृत्यूंचे एकूण प्रमाण १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारी चार-पाचवरच अडून राहिले. मग सल्फा औषधे आली, पाठोपाठ रक्त चढवण्याची सोय आणि पेनिसिलिन. रक्तस्राव, झटके, अडलेले मूल यांवर रुग्णालयातच उपाय होऊ लागले आणि पारडे फिरले. त्यामुळे नाइटिंगेल यांच्या आकड्यांचा दाखला देऊन आज कुणी घरच्या बाळंतपणाची भलामण करत असेल, तर तो त्या आकड्यांचा गैरवापर आहे. ते आकडे १८७१ च्या रुग्णालयांचे आहेत. त्यामागची अट मात्र शिळी झालेली नाही. रुग्णालयाने आपले मृत्यू मोजावेत, उघड करावेत आणि मग बाईला दारात बोलवावे.

भारताशी त्यांचा संबंध काय?

त्या भारतात कधीच आल्या नाहीत, पण भारतावर त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. सुरुवात ब्रिटिश फौजेच्या आरोग्यापासून झाली. पुढे दुष्काळ, पाटबंधारे, गावांची स्वच्छता असे विषय वाढत गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यातील गावांच्या स्वच्छतेचा कायदा कसा असावा, यावर त्यांनी मते कळवली होती. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये भारतीय स्त्रियांसाठी डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करणारा निधी उभारला, तेव्हा नाइटिंगेल यांनी त्यांना सल्ला दिला. त्या निधीच्या हेतूंत सुइणींचे शिक्षण ठळकपणे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज देशात ८८ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात किंवा रुग्णालयात होतात. घरातून रुग्णालयात हे स्थलांतर आपण मोठ्या प्रमाणात साधले. पण कळा देणाऱ्या बाईजवळ शेवटपर्यंत थांबणारी, पूर्ण शिकलेली प्रसाविका कोण, हा प्रश्न मागे राहिला होता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांसाठी प्रसूतिसेवेचा स्वतंत्र अभ्यासक्रम जाहीर केला. मुदत १८ महिने.

इंग्लंडमधील सुइणींचे पुढे काय झाले?

कायदा व्हायला १९०२ साल उजाडले. त्याने सुइणींची नोंदणी आणि परीक्षा सुरू केली, पण सवलतीसह. प्रमाणपत्र नसलेल्या बाईने पैसे घेऊन नियमितपणे बाळंतपणे करण्यावर बंदी आली ती १९१० च्या एप्रिलपासून. त्याच वर्षी १३ ऑगस्टला, वयाच्या ९० व्या वर्षी, नाइटिंगेल लंडनमधील आपल्या घरी गेल्या. दृष्टी अधू झाली होती, स्मृती विरत चालली होती. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करण्याचा मान घरच्यांनी त्यांच्या इच्छेनुसार नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, त्यांना पुरले. दगडावर नाव नाही. केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत.

नव्या कायद्याखालील सुइणीच्या प्रशिक्षणाची मुदत सुरुवातीला तीन महिने होती. नाइटिंगेल यांना सहाही अपुरे वाटले होते. ते सहा महिने १९१६ मध्ये झाले, परिचारिका नसलेल्यांसाठी १९२६ मध्ये एक वर्ष, आणि दोन वर्षे १९३८ मध्ये.